शेतकऱ्याचें परस

शेतकऱ्याच्या घरीं भाजी विकत आणावी लागते, ही गोष्ट आमच्या वडिलांच्या पिढीस कोणीं सांगितली असती तर तिनें ती थट्टा समजली असती. आज ती थट्टा राहिलेली नाहीं. आमचें गांव कृष्णाकांठचें. जमीन काळी, पाण्याची सोय बारमाही, आणि या कांठच्या वांग्यांची कीर्ति तर दूरवर पोंचलेली. असें असतां आमच्या आठवड्याच्या बाजारीं जाऊन पाहावें, म्हणजे पांच-पांच, दहा-दहा एकर ऊंस असलेले खातेदार हातांत पिशवी घेऊन वांगीं निवडीत उभे असलेले दिसतील. आणि तीं वांगीं कोणत्या शेतांतून आलीं, त्यांवर काय फवारलें होतें, असें विचारल्यास विकणाऱ्यासहि तें सांगतां यावयाचें नाहीं. ज्याच्या नांवावर जमीन आहे त्यानें पानभर भाजीसाठीं दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावें, ही स्थिति आमच्या मतें विचार करण्याजोगी आहे, म्हणून हे चार शब्द लिहीत आहों.

आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करून सेवानिवृत्त झालेले गृहस्थ. आमचें शिक्षण मराठी शाळेपलीकडे फारसें गेलें नाहीं, व कृषिशास्त्राचा अभ्यासहि आम्हीं केलेला नाहीं. परंतु सातबाराचे उतारे लिहिण्यांत व तपासण्यांत आमचें आयुष्य गेलें. गांव नमुना बारामध्यें कोणतें पीक, किती क्षेत्रांत, पाण्याखालीं कीं कोरडवाहू, याची नोंद असते. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीची व्यवस्था राज्यभर सुरू होऊन खातेदारास ही नोंद स्वतःच्या मोबाइलवरूनच करतां येऊं लागली. पण या सर्व व्यवस्थेंत परसांतील पिकास जागा नाहीं. कारण परस गांवठाणांत मोडतें व गांवठाणाचा सातबारा नसतो. २४ एप्रिल २०२० रोजीं स्वामित्व योजना सुरू झाली व ड्रोनच्या साह्यानें गांवठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका देण्याचें काम हातीं घेण्यांत आलें. त्या पत्रिकेवर क्षेत्र येतें, धारकाचें नांव येतें. परसांत काय पिकतें तें येत नाहीं. सरकारनें तें लिहावें असेंहि आमचें म्हणणें नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, जें कागदावर नाहीं तें नाहींच, असें मानण्याची संवय आम्हां कारकुनांस लागली ती लागली. पण ती शेतकऱ्यांसहि लागली, हें वाईट झालें.

दुसऱ्यास दोष देण्यापूर्वीं स्वतःचा दोष सांगणें योग्य होईल. आमच्या घरामागें सुमारें एक गुंठा परस आहे. मातोश्री हयात होत्या तोंवर तेथें दोडक्याचा मांडव, पांच-सहा वांग्यांचीं झाडें, न्हाणीच्या पाण्यावर आळूचा वाफा, एक शेवगा, एक कडीपत्ता व कुंपणावर चढविलेला पांढरा पावटा असे. हा पावटा त्यांनीं माहेराहून आणिला होता. आषाढांत तो टोंकावा, कार्तिकांत त्यास शेंगा धराव्या, पौषापर्यंत घरानें खावा व शेजाऱ्यांस द्यावा, आणि शेवटच्या वाळलेल्या शेंगांतील दाणे राखेंत मिसळून गाडग्यांत भरून ठेवावे, हा त्यांचा क्रम चाळीस वर्षें चुकला नाहीं. त्या वारल्यावर दोन वर्षांनीं मुलाच्या लग्नांत मांडवास जागा हवी म्हणून आम्हीं परसांत सिमेंटचा कोबा करविला. पुढें तेथें दुचाकी उभ्या राहूं लागल्या. गाडगें फडताळांत होतें. "पुढच्या वर्षीं पाहूं" असें म्हणतां म्हणतां पांच वर्षें गेलीं. नोकरींतून मोकळे झाल्यावर तें काढून पाहिलें, तों भुंगा लागून बहुतेक दाण्यांचें पीठ झालेलें. राहिलेले दाणे ओल्या फडक्यांत बांधून पाहिले. एकहि उगवला नाहीं. मातोश्रींच्या माहेरीं चौकशी केली. तेथेंहि परसांत आतां मोटार उभी असते. तो पावटा गेला तो गेला. आमच्या हातून दप्तरांतील एखादा कागद गहाळ झाला असता तर आम्हांस लेखी खुलासा द्यावा लागला असता. या गोष्टीचा खुलासा आम्हांस कोणीं विचारला नाहीं.

२०२० सालच्या मार्च महिन्यांत टाळेबंदी होऊन आठवड्याचे बाजार बंद पडले, तेव्हां या चुकीचें फळ आम्हांस प्रथम कळलें. घरांत धान्य होतें, डाळ होती, गूळ होता. हिरवें पान मात्र नव्हतें. आमच्या आळींत ज्या दोन घरांचीं परसें शाबूत होतीं, तीं दोन्हीं घरें भूमिहीन मजुरांचीं. त्यांच्या परसांतील माठाची भाजी आम्हां खातेदारांच्या घरीं आली, आणि त्यांनीं पैसे घेतले नाहींत. त्या दिवशीं जेवतांना जी लाज वाटली ती आम्ही अद्याप विसरलों नाहीं.

आतां हा विषय केवळ आठवणींचा नाहीं, आरोग्याचाहि आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें मोठ्या माणसानें दररोज निदान ४०० ग्रॅम फळें व भाज्या खाव्या. म्हणजे पांच माणसांच्या घरास रोजचीं दोन किलो झालीं. आपल्यापैकीं किती घरांत एवढी भाजी शिजते याचा ज्यानें त्यानें मनाशीं हिशेब करावा. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील १५ ते ४९ वर्षें वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ स्त्रिया रक्तक्षयानें पीडित आढळल्या. महाराष्ट्रांतील प्रमाणहि निम्म्याहून अधिकच आहे. यांत बागायतदारांच्या घरच्या लेकीसुना नाहींत असें कोणीं समजूं नये. रक्तक्षयाचीं कारणें अनेक आहेत व केवळ पालेभाजीनें तो जातो असें आम्ही म्हणत नाहीं. त्यास वैद्यकीय उपचारच हवा. परंतु माठ, मेथी, शेवग्याचा पाला अशी भाजी ताटांत रोज असणें, व तिजवर लिंबू पिळणें, ही औषधाला पुष्कळच साह्य करणारी गोष्ट आहे. लिंबानें भाजींतील लोह अंगीं लागण्यास मदत होते.

आमच्या या म्हणण्यावर तीन आक्षेप घेण्यांत येतात. पहिला असा कीं, "भाऊसाहेब, भाजी बाजारांत मिळते; त्यासाठीं परसांत राबणें परवडत नाहीं." परवडण्याचा हिशेब खरा करावयाचा तर तो वर्षाचा करावा, एका बाजारचा करूं नये. २०२३ सालच्या उन्हाळ्यांत वाहतुकीचा खर्चहि निघेना म्हणून शेतकऱ्यांनीं टोमॅटो रस्त्यावर ओतले. त्याच वर्षीं जुलैंत तोच टोमॅटो किलोस शंभर रुपयांच्या वर गेला. पिकविणारा ओततो आणि खाणारा मोजतो, व शेतकरी या दोन्ही जागीं उभा असतो, असा हा व्यवहार आहे. आम्ही परसांत चार टोमॅटोचीं झाडें लावून बाजार सुधारणार नाहीं, हें आम्हांस कळतें. पण निदान आपल्या चुलीपुरतें तरी या चढउतारांतून मोकळें होतां येतें.

दुसरा आक्षेप वेळेचा. ऊंसाची लागण, खुरपणी, तोड, कारखान्याची फेरी, यांतून वेळ कोठून काढावा, असें विचारतात. अर्धा गुंठा परसास सकाळीं अर्धा तास पुरतो, हें आम्ही अनुभवानें सांगतों. चावडीसमोरच्या कट्ट्यावर याहून अधिक वेळ जातो, व त्याचा हिशेब कोणी मागत नाहीं.

तिसरा आक्षेप मात्र विचार करण्यासारखा आहे, आणि तो आमच्या घरांतूनच आला. आम्हीं कोबा फोडण्याची गोष्ट काढली तेव्हां आमचें कुटुंब म्हणालें, "अहो, कोबा तुम्हीं घातलात, तो फोडायचाहि तुम्हींच, आणि पाणीहि तुम्हींच घालायचें. भाजी लावा म्हणून तुम्ही सांगणार आणि वाकायचें आम्हीं, असें होणार असेल तर दुचाकीच बरी." हें बोलणें कठोर असलें तरी न्यायाचें आहे. परसबागेचा उपदेश बहुधा पुरुष करतात व तिचे श्रम बायकांच्या वांट्यास येतात. ज्या घरांतील स्त्री पहांटेपासून चूल, जनावरें व शेत यांमध्यें फिरत असते, तिच्यावर आणखी एक वाफा लादणें हें आरोग्य सुधारण्याचें साधन नव्हे. म्हणून आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, परसांतील खणणें, खत वाहणें, कुंपण करणें व पाणी देणें हीं कामें घरांतील पुरुषांनीं करावीं. काय लावावें, केव्हां तोडावें, शेजारीं कोणास द्यावें व उरलें तर विकावें कीं कसें, हें गृहिणीनें ठरवावें. आणि विकून जे चार पैसे येतील ते तिचे असावे. परस घरानें आधीं खावें, मग विकावें. विक्रीच आधीं आली म्हणजे चांगली भाजी टोपलींत जाते व किडकी ताटांत येते, हें आपण शेतांत पाहातोंच आहों. याच ओघांत आणखी एक सुचवितों. गांवठाणाची मिळकत पत्रिका हातीं येईल तेव्हां, व ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावरहि, पतीच्या नांवाबरोबर पत्नीचें नांव लावून घ्यावें. उतारे लिहिण्यांत आयुष्य घालविलेल्या माणसाचा हा सल्ला आहे. विधवा स्त्रिया कचेरीच्या पायऱ्यांवर बसलेल्या आम्हीं पुष्कळ पाहिल्या आहेत.

आतां प्रत्यक्ष रीति थोडक्यांत सांगतों. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. त्याचा अर्धा, म्हणजे सुमारें ३३ फूट लांब व १६ फूट रुंद एवढी जागा प्रारंभास पुरे. तींत तीन-तीन फूट रुंदीचे आठ वाफे करावे व दोन वाफ्यांमध्यें एक फुटाची वाट ठेवावी. तीन फुटांच्या वाफ्याच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनीं हात पोंचतो व माती तुडविली जात नाहीं. जागा निदान सहा तास उन्हांत असावी. वेल उत्तरेच्या अंगास मांडवावर किंवा कुंपणावर चढवावे, म्हणजे त्यांची सावली बाकीच्या वाफ्यांवर पडत नाहीं. शेणखत पूर्ण कुजलेलेंच घालावें. कच्च्या खतानें हुमणी व वाळवी येते. ऊंसाचें पाचट फडांत जाळून टाकण्यापेक्षां त्यांतील थोडें आणून रोपांच्या बुडाशीं पसरावें. पाणी निम्मेंसुद्धां लागत नाहीं असें आमच्या नजरेस आलें आहे.

हंगामाचा क्रम ठाऊक नाहीं असा शेतकरी नाहीं. तरी आठवणीसाठीं लिहितों. पावसाळ्याच्या तोंडीं भेंडी, गवार, दोडका, कारलें, दुधी व पावटा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर, टोमॅटो व घेवडा. माघ-फाल्गुनांत भेंडी, चवळी, काकडी व माठ. वांगीं व मिरची यांचीं रोपें पांच-सहा आठवड्यांचीं झालीं म्हणजे लावावीं. सर्वांत मोठी चूक होते ती सगळें बीं एकाच दिवशीं पेरण्याची. मग महिन्यानें मेथीचा ढीग होतो, आठ दिवस घर मेथीच खातें, आणि नंतर वाफा रिकामा. शेतसारा जसा हप्त्यांनीं भरावयाचा, तशी पालेभाजी हप्त्यांनीं पेरावी. अर्धा वाफा आज, अर्धा पंधरा दिवसांनीं. तसेंच वांगीं, टोमॅटो व मिरची हीं एका कुळांतील असल्यामुळें एकीच्या जागीं लागलीच दुसरी लावूं नये. मध्यें चवळी किंवा घेवडा घ्यावा. न्हाणीचें साबणाचें पाणी पालेभाजीस देऊं नये. वाळू व खडीच्या खड्ड्यांतून तें जिरवावें व त्यावर केळ, आळू, कर्दळ लावावी.

एका बाबतींत आमच्या हातून घडलेली चूक वाचकांनीं करूं नये म्हणून सांगतों. पहिल्या वर्षीं टोमॅटोवर मावा आला. आम्हीं निंबोळीचा अर्क तयार केला, व शेजाऱ्याचा फवारणीचा पंप आणून तो मारला. आठ दिवसांत सर्व झाडांचे शेंडे चाबकासारखे वळले व पानें आकसलीं. अर्काचा दोष नव्हता. त्या पंपानें आदल्या आठवड्यांत ऊंसांत टू-फोर-डी हें तणनाशक मारलें होतें व पंप नुसता विसळून ठेविला होता. टोमॅटो, पावटा, भेंडी, कापूस यांस त्या औषधाचा अंशहि सोसत नाहीं. ऊंसाच्या गांवीं परस करणारानें फडांतील पंप परसांत आणूं नये, हा धडा आम्ही बारा झाडें देऊन शिकलों. निंबोळ्यांचा कुटलेला गर एका लिटर पाण्यास ५० ग्रॅम घेऊन रात्रभर भिजत ठेवावा, सकाळीं गाळावा, किंचित् साबण मिसळावा व लहान वेगळ्या हातपंपानें संध्याकाळीं फवारावा. शेतांत वापरण्याचीं विषारी औषधें घराच्या भिंतीलगत कदापि आणूं नयेत. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर फवारणी करतांना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर दगावले. उघड्या शेतांत जें इतकें घातक ठरलें, तें मुलें खेळतात त्या परसांत आणणें यासारखें अविचाराचें दुसरें कृत्य नाहीं.

बियाण्याविषयीं आम्हांस विशेष सांगावयाचें आहे, कारण आमचें नुकसान तेथें झालें आहे. संकरित वाणाचें बीं धरून ठेविल्यास पुढील वर्षीं मूळ गुण राहात नाहींत. म्हणून परसासाठीं सरळ वाण घ्यावे. परभणीच्या कृषि विद्यापीठानें केवडा रोगास तोंड देण्यासाठीं काढलेली परभणी क्रांति ही भेंडी, किंवा पुसा नवबहार ही गवार, हे अशा वाणांपैकीं होत. आणि ज्याच्या घरीं जुनें गांवरान बीं शिल्लक असेल त्यानें तें सोन्यासारखें जपावें. दोडका, काकडी, भोपळा यांच्या फुलांवर मधमाशा हिंडतात. एका जातीचें बीं शुद्ध राखावयाचें तर त्या हंगामांत त्याच पिकाची दुसरी जात जवळ लावूं नये. पावटा, चवळी यांस ही अडचण फारशी नाहीं. चांगल्या झाडाचीं पहिलीं फळें खाऊन टाकूं नयेत. त्यांतील दोन-चार झाडावरच पिकूं द्यावीं. आणि मुख्य म्हणजे बीं दरवर्षीं पेरावें. गाडग्यांत ठेवलेलें बीं जपलें असें वाटतें, पण तें पेरल्यानेंच जपलें जातें.

हें काम केवढें मोठें होऊं शकतें, याचें उदाहरण अकोले तालुक्यांतील कोंभाळणे गांवच्या श्रीमती राहीबाई सोमा पोपेरे यांचें आहे. शाळेचें शिक्षण नसलेल्या या बाईंनीं घरच्या परसापासून आरंभ करून गांवरान भाज्यांचीं व धान्यांचीं अनेक बियाणीं जमविलीं, पेरलीं व लोकांस वांटलीं. २०२० सालीं त्यांस पद्मश्री जाहीर झाली. कोल्हापूरचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनीं प्रयोग परिवाराच्या द्वारें दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचा निर्वाह कसा होईल याचा विचार महाराष्ट्रापुढें मांडला, तोहि आपल्याच भागांत. अशीं माणसें जवळ असतां आपण त्यांचा केवळ गौरव करावा व परसांत कोबा घालावा, हें बरें नव्हे.

आमच्या परसाचा जमाखर्च विचाराल तर कारकुनी संवयीनें आम्हीं वही ठेविली आहे. कोबा फोडल्यानंतर पहिल्या वर्षीं ३६५ दिवसांपैकीं १३२ दिवस बाजारची भाजी घरांत आली नाहीं; दुसऱ्या वर्षीं ती संख्या २१८ झाली. चैत्र-वैशाखांत परस अजूनहि हात आखडतें, व त्या दिवसांत पिशवी घेऊन आम्हीहि बाजारांत उभे असतों. तेव्हां सर्व कांहीं साधलें असा आव आम्ही आणीत नाहीं.

शेवटीं आपल्या संस्थेस एक विनंति. वार्षिक सभेस येतांना प्रत्येक सभासदानें आपल्या घरचें एक तरी सरळ वाणाचें बीं मूठभर आणावें व दुसऱ्याचें घेऊन जावें, असा ठराव करावा. पाण्याची सोय असलेल्या एखाद्या सभासदानें जेष्ठांत वांगीं-मिरचीचीं रोपें तयार करावीं, व तीं ज्यांस शेत नाहीं अशा शेजाऱ्यांच्या दारीं आधीं पोंचवावीं. टाळेबंदींत त्यांनीं आम्हांस दिलेल्या माठाच्या भाजीचें तें ऋण आहे, व खातेदार म्हणविणारानें बाकी ठेवूं नये.

आणि ज्या कोणा वाचकाच्या घरीं कुंपणावर चढणारा, कार्तिकांत धरणारा, जुना पांढरा पावटा अद्याप असेल, त्यानें येत्या सभेस त्याचे दहा दाणे आमच्यासाठीं आणावे. आमच्या मातोश्रींचा तो नसेल, हें आम्ही जाणतों. कुंपण मात्र तयार आहे.